भिंतीपलीकडच्या दुर्गाबाई

(खारघरमधला भाड्याचा फ्लॅट. रविवारची दुपार. आतल्या खोलीत दोन वर्षांची लेक झोपलेली. बाहेर लॅपटॉपसमोर क्षिप्रा आणि तिचा धाकटा दीर अभय.)

क्षिप्रा : ...आणि निघताना शेजारच्या दुर्गाबाई मावशी म्हणाल्या होत्या, "पत्ता कागदावर उतरून घे, बाई. मोबाईलचं काय खरं हाय? आज हाय, उद्या न्हाई." मी हसले. म्हटलं, नंबर सेव्ह आहे ना मावशी, मग झालं तर.

अभय : वहिनी, मी काय विचारलं? माझ्या गेममधली म्हातारी कशी वाटली ते सांग ना! भिंत फोडून येते ती. तीन आठवडे घातलेत तिच्या जबड्यावर.

क्षिप्रा : जबडा छान आहे. काढून टाक.

अभय : जबडा?

क्षिप्रा : अख्खी म्हातारी.

अभय : अगं, हॉरर गेम आहे! भूत काढलं तर उरतं काय? सिडकोची रिकामी बिल्डिंग, एक आई आणि एक रडकं बाळ. ह्याला कोण घाबरणार?

क्षिप्रा : मी.

अभय : तुझं सोड. पिल्लू झोपली की दर पाच मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरून बघतेस.

क्षिप्रा : बरं, तुझे टेस्टर किती घाबरले?

अभय : दहातले सात... हसले. एकानं लिहिलं, आजीला आधी कवळी आणून द्या.

क्षिप्रा : बघ.

अभय : पण थापांना सगळे टरकले हां! भिंतीपलीकडून दोन थापा येतात ना, तिथे. दहाच्या दहा. तुझ्या त्या पिल्लूच्या जुन्या व्हिडिओतल्या आहेत म्हणून. आजूबाजूचा गोंगाट साफ करायला दोन दिवस गेले माझे.

क्षिप्रा : मूळचा व्हिडिओ लाव ना एकदा. साफ न केलेला.

अभय : पिल्लू उठेल.

क्षिप्रा : हळू लाव.

दुर्गाबाई (व्हिडिओत) : आगं, रडू दे की लेकराला! मोटार हाय का ती, बटन दाबलं की बंद व्हायला? दे हिकडं. तू आधी खाली बस. सकाळधरून दोन घास तरी खाल्ले का?

क्षिप्रा (व्हिडिओत) : खाल्ले हो, मावशी.

दुर्गाबाई (व्हिडिओत) : तोंडावरून तर दिसत न्हाई.

क्षिप्रा : बंद कर. बास.

अभय : ह्या त्या दुर्गाबाई? आणि थापा ह्यांच्या? मला वाटलं, शेजारी सुतारकाम चालू असेल.

क्षिप्रा : तू तेव्हा पुण्याला होस्टेलवर होतास. नेरुळच्या त्या बिल्डिंगच्या भिंती म्हणजे नुसते पापड. दुपारी पिल्लू रडायला लागली की मावशी लाटण्यानं दोनदा ठोकायच्या. म्हणजे, येऊ का? मी एकदा ठोकलं तर, या. दोनदा ठोकलं तर, नको, जमतंय.

अभय : आणि तू किती वेळा ठोकायचीस?

क्षिप्रा : एकदाच. नेहमी एकदाच. तुझा दादा ऑफिसला, घरात आम्ही दोघीच. मला तेव्हा पिल्लूला उचलायचीसुद्धा भीती वाटायची, अभय. आत्ता हातातून पडेल, आत्ता पडेल. घामानं हात ओले व्हायचे. हे सांगणार कुणाला? लोक म्हणाले असते, कसली आई ही. मावशींना न सांगता कळलं. त्या यायच्या, पिल्लूला मांडीवर घ्यायच्या आणि काही न विचारता बसायच्या.

अभय : दादाला माहितीये हे?

क्षिप्रा : तुला माहीत झालंय ना, तेवढं पुरे. मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आपण मालक, आपल्याला नवा फ्लॅट मिळेल, तोवर भाडं मिळतंय. त्या भाडेकरू. एकोणीस वर्षं राहून एका महिन्याची नोटीस. पुतण्या ट्रक चालवतो, त्याची खोली कळंबोलीत आहे, तिकडे गेल्या. महिनाभर फोन चालू होता. मग फोनमधली बाई सांगायला लागली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. सहा महिने झाले.

अभय : आडनाव टाकून शोध ना कुठेतरी.

क्षिप्रा : माहीत नाही.

अभय : काय सांगतेस! रोजचं येणं-जाणं आणि आडनाव माहीत नाही?

क्षिप्रा : विचारलंच नाही कधी. आपल्याकडे आडनाव विचारायचं म्हणजे जात विचारायची. त्यांच्या खिडकीत पितळेचे बुद्ध होते. मला वाटलं, मी विचारलं तर त्यांना वाटेल ही पण त्यातलीच. म्हणून नाही विचारलं. मोठा शहाणपणा केला.

अभय : सोसायटीच्या वहीत असेल.

क्षिप्रा : वहीत घरमालकाचं नाव आहे. तो परदेशात. शहाजी वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, आम्ही तर त्यांना आजीच म्हणायचो. मग पिल्लूला कडेवर घेऊन स्वतः गेले एक दिवस. कळंबोलीत स्टील मार्केटच्या मागे, एवढंच मावशी बोलल्या होत्या; तिथल्या गल्ल्यांतून विचारत फिरले. तीन दुर्गाबाई सापडल्या. एकीनं तर चहा पाजला. आपल्या नव्हत्या.

अभय : सॉरी, वहिनी. म्हणून तुला म्हातारी खटकते? शप्पथ, मी मुद्दाम तशी नाही केली.

क्षिप्रा : वेडा आहेस. ती खटकते, कारण ती आली की भीती संपते. ऐक. मावशी आधी गेल्या, आम्ही पुढे तीन आठवडे तिथेच होतो. एका दुपारी पिल्लू रडायला लागली. काही केल्या थांबेना. आणि पलीकडून थापा नाहीत. मला वाटलं, डोळा लागला असेल. मी लाटणं घेतलं आणि ठोकलं.

अभय : पण त्या तर...

क्षिप्रा : माहीत होतं रे! त्यांचं पिंप मीच टेम्पोत चढवलं होतं. दारावरचं कुलूप रोज बघत होते. तरी ठोकलं. आणि भिंतीला कान लावून उभी राहिले. सगळ्या बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही, डोक्यावर पंखा. पलीकडून एक थाप आली असती ना, तर मी धावत गेले असते, अभय. भूत असतं तरी गेले असते.

अभय : किती वेळ उभी होतीस?

क्षिप्रा : पिल्लू रडून रडून झोपली तोवर.

अभय : ...एक मिनिट. म्हातारी उडवतो. गेली. आता प्लेअरनं भिंत ठोकली की काहीच नाही. म्युझिक?

क्षिप्रा : तेही नको. पंखा राहू दे.

अभय : मग तो पुढे कधी जाणार? काहीतरी घडल्याशिवाय दार कसं उघडायचं?

क्षिप्रा : दार पहिल्यापासून उघडंच ठेव. त्याला जावंसं वाटेल तेव्हा जाईल.

अभय : हेडफोन दे. बघतो खेळून.

क्षिप्रा : खेळ. मी जरा पिल्लूला बघून येते.

(अभय हेडफोन लावून खेळतो. थोड्या वेळानं क्षिप्रा परत येते.)

क्षिप्रा : झोपलीये. जमलं का? अभय? अरे, भावोजी!

अभय : अं?

क्षिप्रा : कधीचा नुसता बसलायस.

अभय : ठोकलं मी. मग परत ठोकलं. पलीकडे कोणी नाही हे मला माहितीये, मीच डिलीट केलंय दहा मिनिटांपूर्वी. तरी तिथून पाय निघेना. बेकार आहे हे, वहिनी. म्हणजे भारी आहे. म्हणजे... बेकारच.

क्षिप्रा : हं.

अभय : शेवटच्या स्क्रीनवर त्यांचं नाव टाकू? "आवाज : दुर्गाबाई."

क्षिप्रा : नुसतं नाव नको. त्यांना शुगर आहे. पुतण्या दहा-दहा दिवस ट्रकवर. नेरुळला भिंतीपलीकडे मी तरी होते, कळंबोलीत कोण आहे कोण जाणे. हा गेम कळंबोलीचं कोणी खेळेल?

अभय : खेळेल की! कळंबोली, कामोठे, पनवेल, आमच्या गेमिंगच्या ग्रुपवर निम्मी पोरं तिकडचीच आहेत. पण अनोळखी पोरं त्यांच्या दारात पाठवायची...

क्षिप्रा : मीही अनोळखीच होते त्यांना. लिहून घे.

अभय : बोल.

क्षिप्रा : "हे वाचणाऱ्या, तू कळंबोलीत राहत असशील, तर स्टील मार्केटच्या मागे एक दुर्गाबाई शोध. सत्तरीच्या पुढच्या, परभणीकडचं बोलणं, खिडकीत पितळेचे बुद्ध. बहुतेक एकट्याच असतील. त्या बऱ्या आहेत ना, एवढं बघून ये."

अभय : अजून काही?

क्षिप्रा : हो. "दार वाजवलंस की लगेच माघारी फिरू नकोस. गुडघे दुखतात त्यांचे, उठायला वेळ लागतो. थांब."