फुंकेची सरासरी

नाव प्यो हे-रान, वय ३६ वर्षे, काम संशोधन केंद्रात आकडेवारी तयार करणे व तपासणे (सध्या बेकार), राहणार गोजे बेट, मासळी बंदराच्या मागची इमारत, सर्वात वरचा मजला.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर आहे. विचारल्यावरून सांगते ते असे की, वरील पत्त्यावर मी आईसोबत राहते. गेल्या महिन्यापर्यंत मी बेटावरील कामगार-आरोग्य संशोधन केंद्रात नोकरीस होते. केंद्राचे संचालक डॉ. मा ग्योंग-सिक यांनी माझ्याविरुद्ध व जे ओक-बुन या बाईविरुद्ध तक्रार दिली आहे. आम्ही दोघींनी संगनमत करून त्यांच्यावर भर सभेत हल्ला केला आणि मी केंद्राची गुप्त माहिती फोडली, असे तक्रारीत लिहिले आहे. तक्रार मला वाचून दाखवली. तिच्यात खरे एवढेच आहे की त्यांच्या ओठातून रक्त आले.

केंद्राने गोदीत जहाजांना आतून रंग मारणाऱ्या रंगाऱ्यांच्या फुप्फुसांची पाहणी केली होती. नळीत जोरात फुंकायचे, यंत्र आकडा दाखवते, तो लिहून घ्यायचा. पहिल्या फेरीत चारशेवर रंगारी आले. त्यानंतर गोदीने जहाजांच्या टाक्यांमध्ये हवा खेळवणारे नवे पंखे बसवले. तीन वर्षांनी दुसरी फेरी झाली. तिला तीनशेसुद्धा आले नाहीत. पाहणीचा खर्च गोदीने केला होता. रंगाऱ्यांच्या आजारपणाचे दावे मान्य करायचे की नाही, हे या अहवालावर ठरणार होते.

आलेली माहिती साफ करून हिशेबाला लावणे हे माझे काम होते. उंचीच्या जागी वजन पडलेले असते, एकच माणूस दोनदा नोंदलेला असतो, कोणाचे वय दोनशे झालेले असते. हे दुरुस्त करायचे. रकाना रिकामा असेल तर तो का रिकामा आहे हे शोधायचे. शोधल्याशिवाय तो पुसायचा नसतो. आपण मला म्हणालात की हे सर्व गुन्ह्याच्या तपासाला लागत नाही. लागते, म्हणून सांगत आहे.

दुसऱ्या फेरीला न आलेल्यांच्या पहिल्या वेळच्या फुंका मी वेगळ्या काढल्या. त्या जवळजवळ सगळ्या तळाच्या होत्या. मी ते डॉ. मा यांना त्यांच्या खोलीत जाऊन दाखवले. माझा सहकारी बान दो-ह्योन तिथे होता.

डॉ. मा म्हणाले, "अपूर्ण नोंदी काढून टाक. सगळीकडे तसंच करतात."

मी म्हणाले, "सर, हे असेतसे गळालेले नाहीत. ज्यांना फुंकता येत नव्हतं तेच आलेले नाहीत."

"आले नाहीत तर मी काय त्यांना कडेवर घेऊन येऊ?"

"निदान फोन करून विचारू."

"तुला पगार आकड्यांचा मिळतो. चौकशा करायची हौस असेल तर लग्नं जुळवायचं दुकान काढ."

बान हसला. आपण त्याचा जबाब आधीच घेतला आहे व त्यात त्याला असे काही आठवत नाही, असे मला सांगण्यात आले. त्याच्या आठवणीबद्दल मला काही म्हणायचे नाही.

मी फोन केले. पाहणीच्या संमतीपत्रावर, पुढे संपर्क साधू, असे लिहिलेले आहे व त्याखाली रंगाऱ्यांच्या सह्या आहेत. यात चोरून काही केलेले नाही. एक जण बुसानमध्ये टॅक्सी चालवतो, त्याने तब्येत ठणठणीत असल्याचे सांगितले. ते मी तसेच लिहिले. पुष्कळ फोन बायकांनी उचलले. एकीने सांगितले की नवरा आता जिना चढत नाही, खालीच झोपतो. एकीने माझे पुरते ऐकून घेतले आणि फोन ठेवला.

गिल मान-सू यांचा फोन त्यांची बायको जे ओक-बुन यांनी उचलला. त्या कालवे सोलण्याच्या शेडमध्ये काम करतात. मी विचारले, "ते आहेत का?"

"नाहीत."

"कधी भेटतील?"

"बाई, तू कुठनं बोलतेयस?"

मी सांगितले. त्या म्हणाल्या, "नळीत फुंकायला लावणारे होय! आता कुणाला फुंकायला लावताय? दोन हिवाळे झाले त्यांना जाऊन. शेवटी शेवटी सूप फुंकून प्यायचाही दम नव्हता. मी फुंकून द्यायचे."

बोलताना त्यांचा सुरा थांबला नव्हता. शिंपले पडल्याचा आवाज येत होता. मी त्यांना सभेला बोलावले नाही. त्या वेळी सभा ठरलीही नव्हती. आमचे बोलणे त्यापुढे झाले नाही.

मी एक नवा रकाना केला व त्यात कारणे भरली: मयत, आजारी, काम सोडले, पत्ता लागत नाही. मयत एकोणीस निघाले. डॉ. मा यांनी तो रकाना काढायला लावला. त्या वेळी त्यांचा आवाज चढला होता.

"मेलेल्यांचं मी काय लिहू? त्यांची फुंक किती लावू, शून्य?"

"शून्य नाही, सर. मेले असं लिहायचं."

"हा अहवाल आहे, शोकसभा नाही."

अंतिम अहवालात पहिल्या फेरीची सरासरी आलेल्या सर्वांची घेतली आणि दुसऱ्या फेरीची फक्त उरलेल्यांची. तळातले निघून गेले की सरासरी वर जाणारच, त्याला पंखे लागत नाहीत. अहवालात मात्र पंख्यांमुळे फुप्फुसे सुधारली असे छापले. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, अपूर्ण नोंदी वगळल्या आहेत. अहवाल तयार करणाऱ्यांत माझे नाव टाकले होते. ते काढावे असे मी लेखी कळवले. उत्तर आले नाही.

त्यानंतर कामगार कल्याण सभागृहात निकाल सांगण्याची सभा ठेवली. गोदीचे मोठे अधिकारी येणार होते, खुर्च्या भरलेल्या दिसायला हव्या होत्या. म्हणून केंद्राच्या कार्यालयाने पहिल्या फेरीतल्या प्रत्येक नंबरवर मोबाईल संदेश पाठवला. तो मी पाठवलेला नाही, कोणत्या यंत्रावरून गेला ते तपासता येईल. हिशेबातून ज्यांना वगळले त्यांना आमंत्रणातून वगळायचे कोणाच्या लक्षात आले नाही. संदेश असा होता: "अभिनंदन! तुमच्या फुप्फुसांची ताकद वाढली आहे. सभेला अवश्य या. प्रत्येकाला तांदळाच्या वड्यांचा डबा मिळेल." गिल मान-सू (मयत) यांचा फोन त्यांच्या बायकोने चालू ठेवलेला आहे.

सभेच्या दिवशी जे ओक-बुन शेडमधून थेट आल्या. पायात रबरी बूट होते. दारातल्या मुलीने बूट काढून सपाता घालायला सांगितले, ते त्यांनी ऐकले नाही. मी मंचाच्या बाजूला लॅपटॉपपाशी बसले होते. पडद्यावर आकडे दाखवणे माझ्याकडे होते.

डॉ. मा यांनी पडद्यावर सरासरीची चढती रेघ दाखवली. टाळ्या वाजल्या. तेव्हा जे ओक-बुन उठून म्हणाल्या, "साहेब, माझ्या नवऱ्याचा आकडा दाखवा."

डॉ. मा म्हणाले, "कोणा एकाचा आकडा दाखवता येत नाही, मावशी. बसून घ्या."

"त्यांची ताकद वाढलीय असं तुम्हीच कळवलंत ना? गिल मान-सू. किती वाढली ते बघायला आलेय मी."

डॉ. मा यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "ते दुसऱ्या फेरीत नाहीत, सर." मी एवढेच म्हणाले. नाव त्या बाईंनी स्वतः घेतले होते.

डॉ. मा माईकवर म्हणाले, "मावशी, तुमच्या यजमानांची नोंद अपूर्ण होती. अपूर्ण नोंद हिशेबात धरत नाहीत."

"अपूर्ण?" जे ओक-बुन चालत मंचापाशी आल्या. "अख्खा माणूस पुरला मी. काय अपूर्ण राहिलं होतं त्याचं?"

त्या वेळी मी पडद्यावरची रेघ काढली व दुसरी लावली. दोन्ही फेऱ्यांना जे हजर होते त्यांचीच, ज्याची त्याच्याशी, तेव्हाची आणि आताची फुंक. तिच्यात कोणाचेही नाव नाही. ती रेघ खाली जात होती. मागच्या रांगेतून एक रंगारी ओरडला, "हे बघा! हे खरं आमचं!"

डॉ. मा माझ्याकडे आले व त्यांनी लॅपटॉपचे झाकण मोकळ्या हाताने जोरात आपटून बंद केले. माझी बोटे आत होती. उजव्या हाताची दोन बोटे मोडली. दवाखान्याचा कागद आपल्याकडे दिला आहे. मी ओरडले. माझे ओरडणे माईकमधून सगळ्यांना ऐकू गेले, कारण माईक त्यांच्या हातातच होता.

त्यानंतर जे ओक-बुन यांनी माईक हिसकावला. हिसकाहिसकीत तो डॉ. मा यांच्या तोंडावर लागला. तोपर्यंत त्या त्यांना साहेब म्हणत होत्या. माईक हाती आल्यावर त्या म्हणाल्या, "पोरीचा हात मोडलास मेल्या! आता हिचीही नोंद अपूर्ण कर!"

आपण मला तीन वेळा विचारले की बोटे मोडल्यावर कळवळत असताना माईक कसा लागला हे मी कसे पाहिले. मी तीनही वेळा सांगितले की बोटे मोडली होती, डोळे नाही. आधी झाकण, मग माईक. हा क्रम उलटा सांगणारा खोटे बोलत आहे.

त्याच संध्याकाळी माझी नोकरी संपल्याचा संदेश आला. बान दो-ह्योन इमारतीखाली येऊन माझे सामान ठेवून गेला. त्याने दारावरची बेल वाजवली नाही. सामानात माझ्या कार्यालयात वापरायच्या सपाता व चहाचा कप होता. कप फुटलेला होता. तो वाटेत फुटला असेल.

आज जबाब सुरू करण्यापूर्वी आपण माझ्यासाठी कागदी पेल्यात कॉफी मागवली व म्हणालात, "बाई, माईक कसा लागला ते दिसलं नाही एवढंच सांगा. डॉक्टरसाहेब तुमच्यावरची तक्रार मागे घेतील. ती कालवंवाली काय, दंड भरून सुटेल. तुमचं शिक्षण आहे, पुढं नोकरी बघायचीय." हे वाक्य जबाबात घ्यावे असे मी सांगितले. आपण नाही म्हणालात. मग मी उठले, तेव्हा घेतले. कॉफी मी प्यायले नाही.

डॉ. मा यांच्याविरुद्ध माझी मारहाणीची तक्रार आहे, ती वेगळी नोंदवावी. जे ओक-बुन यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत व ओळखीच्याही नव्हत्या. आता आहेत. माझा हात प्लास्टरमध्ये असल्याने त्या रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात व आईला भाजी चिरून देतात.

वरील मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना गिल मान-सू यांच्या नावापुढे "दुसऱ्या फेरीस गैरहजर" असे टाईप केलेले आढळले. ते मी असे सांगितलेले नव्हते. ते खोडून तेथे "मयत" असे करून घेतले आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे आहे. उजव्या हाताने सही करता येत नसल्याने खाली, आणि त्या खाडाखोडीवर, डाव्या अंगठ्याचा ठसा दिला आहे.