चौकातला कॅमेरा

शहाबानो शिरूरच्या एसटी स्टँडवर बसली होती. आपल्या गावच्या पंचायतीत ती सदस्य होती, आणि तिथल्या चौकासाठी नुकत्याच घेतलेल्या कॅमेऱ्यांचं खोकं तिच्या मांडीवर होतं. शेजारी दुसऱ्या गावच्या दोन अनोळखी बायका बोलत होत्या; एकाच माहेरच्या मैत्रिणी, कितीतरी दिवसांनी भेटलेल्या.

"ताईबाई, तुझ्या गौतमीची पोलीस भरती कुठवर आली गं?"

"कसली भरती! लगीन ठरलंय तिचं."

"अगं, पहाटं पळायला जायची की पोरगी."

"जायची. चौकात टवाळ पोरं आडवी यायची, म्हनून मीच ग्रामसभेत उभी ऱ्हायले. म्हनलं, कॅमेरा बसवा."

"मग बसवला न्हाई व्हय?"

"बसवला की. त्याचं चित्र दिसायचा टीव्ही लावला सरपंचाच्या ओसरीवर. आता समदं गाव च्या पीत बघतंय, कुनाची पोर कुनासंगं बोलली."

"अगं बया!"

"एकदा गौतमी वर्गातल्या पोराच्या गाडीवरनं उतरली. ती घरी यायच्या आत तिच्या बापाला फोन. दुसऱ्या दिसापास्नं पळनं बंद, कॉलेजबी बंद."

"आन् ती टवाळ पोरं?"

"ती ओसरीवर बसून बघत्यात की."

"मग पुन्यांदा ग्रामसभेत बोल."

"कशी बोलू? तिथं जायचं म्हंजी चौकातनंच जावं लागतं. आमचे हेबी आता त्याच ओसरीवर बसत्यात."

शहाबानोची एसटी लागली. उठता उठता तिनं विचारलं, "ताई, टीव्ही कुठं लावायचा, ते सभेत कुनीच इचारलं न्हवतं का?"

ताईबाई त्या खोक्याकडे बघत राहिली.

"न्हाई ओ. कॅमेरा मिळाला, त्यातच आम्ही खूश."