लालसू वर्ध्याला येणार

वर्ध्याच्या एसटी स्टँडवर पवनारच्या रांगेत दत्तोपंतांच्या पुढंच एक जोडपं भांडत होतं. दत्तोपंतांनी पेपर उघडला, पण पान काही उलटेना.

“उद्या लालसू येऊन राह्यला, अन् तुमी मले पवनारले काऊन नेता?”

“दोन दिवस मावशीकडं राहू. कुलूप पाहून जाईन तो परत.”

“वर्धा दाखवतो म्हणून तुमीच बोलावलं नं त्याले? भामरागडच्या जंगलात आठ दिवस त्याच्याच घरी जेवलो आपण.”

“अवं, तो गाईड होता. थे कामच होतं त्याचं.”

“नदीत तुमी वाहून चालले होते, तं खांद्यावर घालून आणलं त्यानं. थेही कामच?”

“हळू बोल! कॉलनीत मी उलटं सांगतलं. मीच त्याले वाचवलं म्हणून. तो आला तं माही इज्जत जाईन!”

“काई जात नाई. कॉलनीतल्या बायकांले मी खरं कवाचंच सांगून टाकलं.”

“मंग त्याईचे नवरे मले पुन्हा पुन्हा सांगाले काऊन लावतात?”

“दरवेळी नदी अजून खोल होते म्हणतात.”

पवनारची गाडी लागली. बाई रांगेतून बाहेर पडली.

“चाला घरी. त्याच्यासाठी खाट काढाची आहे.”

नवरा पिशवी उचलून तिच्या मागं निघाला.