घोडीवरनं पडलेलं गाव

एका नारळाचा मान मी दोन माणसांना कबूल केलो. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची न्हाई. माझ्या डोक्याला अकरा टाके पडले ते त्यानंच, आणि गावातली सतरा माणसं फुटली तीबी त्यानंच. पण आधी मूळ सांगू द्या, न्हाईतर तुम्ही म्हणाल हे येडं कुठनं उगवलं.

गाव आमचं आळंद तालुक्यात, खजुरीच्या अलीकडं, टेकाडावर उभं राहिलं की महाराष्ट्रातला मोबाईलचा टॉवर दिसतो. नाव बसवराज, गाव बसण्णा म्हणतं. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात उर्दू, आणि मार मी तिन्ही भाषांत खाल्लेलो हाय. अप्पा मराठीत मारायचे, मास्तर कन्नडात, आणि पुढं हैदराबादकडं बोअरच्या गाडीवर कामाला गेलो तर तिथला ठेकेदार उर्दूत. त्यातल्या त्यात ठेकेदार बरा, मारायच्या आधी देखो म्हणायचा. अप्पा काहीच म्हणायचे न्हाईत. मास्तर मारताना पाढे म्हणायला लावायचे, अजूनबी सातचा पाढा कानावर आला की माझी पाठ आपसूक वाकती.

पाचवीत भागाकार चुकला म्हणून मास्तरनी माझी बोटं मेजाच्या कडेवर ठेवली आणि वरून रूळ हाणला. दोन नखं काळीनिळी. दुसऱ्या हातात पाटी होती, ती मी मास्तरच्या कपाळात घातलो. रगत डोळ्यात उतरलं मास्तरच्या. गावात अजून सांगतात की पाटी फुटून चौकट मास्तरच्या गळ्यात अडकली म्हणून, ते खोटं हाय, कानाला अडकली होती. त्याच दुपारी अप्पांनी मला शाळेपुढच्या लिंबाला बांधलं आणि बैलाच्या चाबकानं सोलून काढलं, समदी शाळा बाहेर उभी करून. अव्वा, माझी आई, मधी आली तर तिलाबी एक बसला. झालं, माझं शिक्षण तिथंच त्या लिंबाला बांधून राह्यलं.

पुढं मोटारीचं काम शिकलो. बोअरमधली मोटार जळली की लोखंडी घोडी उभी करायची, म्हंजे तीन पाईपांची तीन पायांची उंच घोडी, तिला साखळी-पुली लावायची, मोटार वर ओढायची, आतली जळकी तांब्याची तार काढून नवी भरायची. एकेक वेढा मोजून. ह्या कामात माझा हात बसला तो आजतागायत. आजूबाजूच्या दहा गावांत मोटार जळली की बसण्णाला बोलवा.

आता एक गोष्ट सांगतो ती हसून सांगता येत न्हाई, पण लिवून घ्या. माझा शंकर, एकच लेक. त्याला काम शिकवायलतो. तार उलटी गुंडाळला म्हणून कानाखाली वाजवलो, हातात कडं होतं. कानातनं रगत आलं, तरी मी म्हणलो नाटक करायलास का. काय सांगू तुम्हाला, मला शिकवायचं म्हंजे तसंच ठाऊक. आता तो पुण्याला हाय, महिन्यातनं एकदा फोन करतो, आणि फोन उजव्या कानाला धरतो. डाव्यानं ऐकू येत न्हाई.

म्हणून कलबुर्गीच्या एका कॉलेजच्या म्याडम गावात आल्या आणि म्हणल्या बसण्णा, तुम्ही शिकवायचं, तर मी खाली बघत बसलो. त्यांचं म्हणणं असं की गावात शिकवायचं केंद्र काढायचं, गावानं एक खोली द्यायची, गावातल्याच कारागिरानं हातातलं काम शिकवायचं, तरुण मंडळांनी देखरेख करायची, आणि कॉलेज हत्यारं देणार, परीक्षा घेणार, पास झालं की पुढं कॉलेजात प्रवेश देणार. मी म्हणलो बाई, मी पाचवीतनं पळालेलो हाय. त्या म्हणल्या मग पोरांना मोटार शिकवा आणि पोरांकडनं भागाकार शिकून घ्या. अटी दोनच. एक, शिकणाऱ्यावर हात उगारायचा न्हाई. दोन, गावातली दोन्ही मंडळं एकत्र पाहिजेत, मारामारी झाली की त्याच दिवशी केंद्र कायमचं बंद, आम्ही दुसऱ्या गावाला जातो.

पहिली अट मी माझ्यापुरती कशीबशी गिळलो. दुसरी अट ऐकून समदं गाव हसलं. आमच्यात वरली गल्ली आणि खालची गल्ली, दोघांची दोन मंडळं, आणि वरसापूर्वी व्हॉलीबॉलची जाळी एक वीत वर बांधायची का खाली, ह्यावरनं जाळीचा खांब उपटून एकाचा पाय मोडलेला, दुसऱ्याचे पुढचे तीन दात गेलेले. दात गेलेला अजून वरल्या गल्लीकडं बघून जीभ बाहेर काढून दाखवतो.

पण केंद्र व्हावं असं एकीला जिवापाड वाटायलतं. माझ्या मेव्हण्याची लेक, रेणुका. बारावी सायन्स पास. लहानपणापासनं माझ्या टेबलापाशी बसून तार भरती, बोटं अशी चालतात की बघत राहावं. तिचा बाप मल्लण्णा, वरल्या गल्लीचा मोठा माणूस, म्हणायलता की पोरगी कलबुर्गीला पाठवणार न्हाई, अफजलपूरचं स्थळ आलंय, भीमेच्या पाण्यावरचा ऊस हाय त्यांचा, जत्रा झाली की लगीन. रेणुका मला, आत्याच्या नवऱ्याला, मामा म्हणती. म्हणली, मामा, केंद्र झालं तर मी इथं, न्हाई झालं तर मी उसात. बघा तुम्ही.

मग मी निघालो शहाणपणा करायला.

मल्लण्णाकडं गेलो. तो म्हणला दाजी, गावातल्या गावात असंल तर शिकू दे तिला, लगीन पुढं ढकलतो, पण उद्घाटनाचा पहिला नारळ माझ्या हातनं फुटला पाहिजे. वरल्या गल्लीचा मान हाय तो. मी म्हणलो तुझाच. तिथनं खालच्या गल्लीत गेलो, कामून की खोली त्यांच्या ताब्यात, बंद पडलेल्या दूध डेअरीची. त्यांचा पुढारी सिद्राम, फौजेच्या भरतीत छाती अर्धा इंच कमी पडलेला, तो अर्धा इंच अजून गावात भरून काढायलाय. तो म्हणला अण्णा, खोली घ्या, चुना आम्ही मारतो, पण खोली आमची तर पहिला नारळ आमचा. मी म्हणलो तुझाच की. दुसऱ्याला दुसरा देऊ, असं दोघांना वेगवेगळं कानात सांगितलो. आमच्याकडं दुसऱ्या नारळाला कोण विचारतंय हो. पहिला फुटतो तो मान, दुसरा फुटतो ती चटणी. हे मला ठाऊक न्हवतं का? ठाऊक होतं. मला वाटलं ऐन वेळेला म्याडमच्या तोंडाकडं बघून कुणीतरी एक गप बसंल.

घरी येऊन बायकोला, महादेवीला, सांगितलो. ती भाकरी थापायलती. म्हणली, आता दवाखान्याचं बघून ठेवा.

उद्घाटनाचा दिवस. मांडव घातला, रेणुका टेबलापाशी अर्धी भरलेली मोटार घेऊन बसली, म्याडमना दाखवायला मी माझी घोडी दारात उभी केलतो, जास्तीचे पाईप बाजूला रचून. तुम्हीच बघा माझी अक्कल. दोन गल्ल्या समोरासमोर, आणि मधी मी लोखंडी पाईप रचून ठेवलो.

मल्लण्णा आला नारळाला हळद-कुंकू लावून. सिद्राम आला नारळाला हळद-कुंकू लावून. दगड एकच. दोघं एकमेकांकडं बघितले, मग दोघं मिळून माझ्याकडं बघितले. मी वर मांडवाकडं बघितलो.

सिद्राम म्हणला, अण्णा, सांगा ह्यांना. मल्लण्णा म्हणला, दाजी, ह्या पोराला बाजूला घ्या. मी म्हणलो चहा घेऊ या का आधी. तेवढ्यात मल्लण्णानं सिद्रामच्या छातीला हात लावून ढकललं, नेमकं छातीला, आणि सिद्रामचा नारळ फुटला. दगडावर न्हाई, मल्लण्णाच्या खांद्याच्या हाडावर. कटकन आवाज आला, नारळाचा का हाडाचा ते नंतर डॉक्टरनी सांगितलं, दोन्हीचा.

मग काय, मांडवाचे बांबू निघाले, माझे पाईप निघाले. वरल्या गल्लीचा एक जण खाली पडला तर त्याच्या बरगडीवर चौघं नाचायलते. दात गेलेल्यानं एकाचं मनगट असं चावलं की उरलेल्या दातांचे ठसे मोजता यावेत. एकाचं कानशील फाटून कान लोंबायलता आणि तो एका हातानं कान धरून दुसऱ्या हातानं मारायलता. म्याडमच्या गाडीची काच गेली. दगड, धूळ, रगत, आणि बायकांचं किंचाळणं. मी हात जोडून मधी पळायलो तर दोन्हीकडनं लाथा, दोन्हीकडचे म्हणायलते ह्या म्हाताऱ्यानंच केलं. खरंच बोलायलते.

तेवढ्यात मल्लण्णा, एक खांदा लोंबकळायलाय, खोलीत शिरला. रेणुकाची वेणी हाताला गुंडाळला आणि ओढायला लागला. चल घरी, बास झालं शिक्षण, अफजलपूरला आजच फोन लावतो. ती टेबलाचा पाय धरून बसली. त्यानं ओढलं, ती टेबलासकट सरकली, मोटार खाली पडली, तिनं रात्रंदिवस भरलेली तार समदी उसवली. त्यानं तिच्या तोंडात मारली, एकदा, दोनदा. ती रडली न्हाई. तिचा ओठ फुटून हनुवटीवर रगत आलतं, आणि डोळे असे, की मला शंकर दिसला. पाटी उचलायच्या आधीचा मीबी तसाच दिसलो असेन.

तिनं पाईप फिरवायचा मोठा पाना उचलला. मला कळलं आता बापाचं डोकं जातंय, पोरगी जेलात जाती आणि केंद्र मसणात. मी पळत जाऊन मल्लण्णापुढं उभा राह्यलो. जलमात पहिल्यांदा वेळेवर पोचलो. पाना माझ्या टाळक्यात बसला.

मग मला एवढंच आठवतं की रगत गरम असतं आणि नाकावरनं खाली येताना गुदगुल्या होतात. कुणीतरी वरडलं, मेला, बसण्णा मेला. आणि मारामारी थांबली. समदे हातातले बांबू तसेच धरून माझ्याभोवती उभे. सिद्राम माझे पाय उचलला, मल्लण्णा एका हातानं डोकं धरला, आणि बिनकाचेच्या गाडीतनं म्याडमनी मला आळंदला नेलं. वाटंत मल्लण्णा रडायलता, सिद्राम त्याला म्हणायलता काका, खांदा हलवू नका.

दवाखान्यात फौजदार आले. विचारले, कोण मारलं? रेणुका दारात उभी होती, अंगावर माझं रगत. पांढरीफटक पडली होती. मी म्हणलो कोण न्हाई साहेब, माझ्या घोडीवरनं पडलो. फौजदार मल्लण्णाकडं वळले, हा खांदा? मल्लण्णा माझ्याकडं बघितला, पोरीकडं बघितला, म्हणला, मीबी घोडीवरनं पडलो. सिद्रामचा डोळा? घोडीवरनं. कानवाला, बरगडीवाला, समदे एकापाठोपाठ घोडीवरनं. मनगट चावलेला म्हणला, घोडीवरनं पडलो आणि ह्याच्या तोंडात पडलो. एकच घोडी हो, तीन पायांची, आणि सतरा माणसं तिच्यावरनं पडली. फौजदार कागद मिटले, म्हणले ती घोडी आधी मोडून टाका. म्याडम खिडकीपाशी उभ्या होत्या. नंतर मला म्हणल्या, पहिल्यांदाच बघितले तुमची दोन्ही मंडळं एक बोलताना, तेबी खोटं. केंद्र न्यायलाच पाहिजे इथनं. मी म्हणलो न्या बाई, तुमची अटच होती. त्या दारातल्या रेणुकाकडं बघितल्या. मग म्हणल्या, काच दोन्ही मंडळं मिळून बसवतील, मारामारी परत झाली तर मी तोंड दाखवणार न्हाई, आणि ह्या खोलीत नारळ आणायचा न्हाई.

आणि लगीन? अफजलपूरकडच्यांना कळलं की नवरीनं मामाचं डोकं पान्यानं फोडलं. चार दिवसांत निरोप आला, आमच्या पोराला दुसरीकडं बघायलाव. मल्लण्णा आठ दिवस माझ्याशी बोलला न्हाई, नवव्या दिवशी खांदा बांधून रेणुकाला घेऊन खोलीवर आला. म्हणला, शिकवा आता, दुसरं कोण घेतंय हिला. ती आत गेली. बापाकडं बघितली न्हाई. अजूनबी कामापुरतंच बोलती त्याच्याशी, तो रोज तिचा डबा आणून देतो आणि दारात उभा राहतो.

आता दोन्ही गल्ल्यांतली मिळून चौदा जणं येतात, त्यात पाच मुली. दात गेलेला आणि पाय मोडलेला एका टेबलावर बसतात, भांडतात, पण तोंडानं. परीक्षा झाली, रेणुकाला कॉलेजात प्रवेश मिळाला, ती एसटीनं कलबुर्गीला जाती आणि शनिवारी इथं येऊन शिकवती. मी तिच्या हाताखाली. माझा हात अजून कधी वर उठतो बरं का, लपवत न्हाई, पण अर्ध्यात थांबतो आणि डोक्यावरच्या खुणेवर जातो, पोरांना वाटतं म्हातारं खाजवायलंय. शंकरला हे समदं फोनवर सांगितलो. तो हसला. म्हणला दिवाळीला येतो, बघतो ती घोडी. चांगली राहू दे पोरं, एवढंच मागणं, त्यांच्या कानांना धक्का लागू नये.

गेल्या शनिवारी नवीन मुली आल्या, रेणुका त्यांना पाना कसा धरायचा ते शिकवायलती, माझी खूण दाखवून. मला जरा राग आला. म्हणलो पोरी, त्या दिवशी एवढ्या जोरात कामून मारलीस, समदं गाव आवाज ऐकून थांबलं. ती तार गुंडाळता गुंडाळता, वरबी न बघता म्हणली, मी हळूच मारलते मामा. रिकामं डबडं होतं, म्हणून आवाज मोठा झाला.