म्हशीचे कान

निपाणीच्या स्टँडवर सुनयनाचे डोळे चिकोडीच्या बसकडे होते आणि कान पाठीमागच्या बाकाकडे. बायकोला माहेराहून परत न्यायला आलेले एक अण्णा शेजारी बसलेल्या बायकोलाच सांगत होते,

“कालेजच्या पोरीनं गोठ्यात कॅमेरा लावलता, म्हशीचं मन बघाय. कान सैल सोडलं की म्हस सुखी.”

“मग, हाय का सुखी?”

“लई, म्हणाली. मालकीणबाई धार काढत्यात तवा.”

“मी तर म्हायारात हुते! कोण बाई आलती?”

“मीच गं, तुझं लुगडं नेसून. त्याबिगर पान्हा सोडत न्हाय ती.”

“कंचं लुगडं?”

“हिरवं. लग्नातलं.”

“अगं बाई! मग मला न्यायला कशाला आलासा? ऱ्हावा की दोघं सुखात.”

“म्हशीचं भागतंय गं. माझं न्हाय भागत.”

“व्हय? फिरा हिकडं. कान बघू तुमचं.”