पांढऱ्या फुलाचं गाणं

...आणि म्हणे फूल! दोन वर्षं मी त्याला नारळ खोवून भरवला, पाठ खाजवली, कान पुसले, आणि गाण्यात त्याचं झालं फूल. अहो, डुक्कर होतं ते! माझं पांढरं डुक्कर. लेकीच्या, सेइनीच्या एकविसाव्या वाढदिवसाला पंगतीच्या मधोमध अख्खं भाजून ठेवायचं म्हणून पोसलेलं, आणि वाढदिवस पंधरा दिवसांवर आला तर कुंपण रिकामं. कुणी सरळ सांगेल? छे. आमच्या टोंगा बेटांवर सरळ बोलेल तो कवी कसला? तुम्हाला सांगते, आमच्याकडे गाण्यात फूल म्हणजे फूल नसतं.

झालं काय, आम्ही बायका झाडाच्या सालीचं कापड कुटत बसलेलो, ठकठक ठकठक, आणि शेजारी बसलेली लुपे नवं गाणं गुणगुणायला लागली. आमच्या फेलेती कवीनं चर्चच्या सणातल्या नाचासाठी बांधलेलं. "उगवतीच्या कुंपणातलं पांढरं फूल, दक्षिणवाऱ्यानं नेलं म्हणती..." माझी मोगरी हवेतच थांबली. उगवतीला कुंपण कुणाचं? माझं. आत पांढरं काय होतं? आणि दक्षिणेच्या टोकाला राहतं कोण? ही लुपेच की! शाळा माझी चौथीपर्यंत, पण एवढं कळतं मला.

"लुपे, माझं डुक्कर टाक."

"फुलाचं गाणं आहे, बाई."

"फूल म्हणजे फूल नसतं, मला शिकवू नकोस. हाडं कुठं पुरलीस?"

"आधी ती मोगरी खाली ठेव, आणि दुसरं कडवं ऐक."

लगेच सगळ्याजणी सुरात, "वाऱ्यावर उगाच आळ, खोडानंच खुडलं फूल, उंच नारळीच्या पायी वाहिलं..."

खोड! माझ्या घरात खोड एकच, माझा नवरा सेमिसी. आणि उंच नारळी म्हणजे त्याची थोरली बहीण. कुंपणाशी उभं राहून नुसतं "छान पोसलंय हं" म्हणाल्या असतील वन्सं. संपलं. आमच्यात भावाच्या घरातलं बहिणीच्या डोळ्यांत भरलं की ते तिचंच, भावजयीनं ब्र काढायचा नाही. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत, आणि मलाच कडवं कडवं करून कळतंय.

घरी आले. "गाणं ऐकलंत?" तर हा माणूस चटईतली काडी उपसत म्हणतो, "गोड आहे. फुलाचं ना?"

वर आणखी ऐका. नाचात मला उभं केलं कुठं, तर पहिल्या रांगेत. आमच्या नाचात हातांनी बोलायचं, मान डोलवायची आणि हसायचं, हसू गेलं की इज्जत गेली. 'पांढरं फूल' आलं की दोन्ही हातांची ओंजळ नाकाशी. म्हणजे मी, सगळ्यांदेखत, हसत हसत, स्वतःच्याच डुकराचा वास घेतेय. आणि वन्सं उठल्या, माझ्या गळ्यात हार घातला आणि कानात म्हणाल्या, "छान नाचतेस गं. पुढचं फूल कधी लावणार?"

सेइनीच्या पंगतीत मधोमध कोंबड्या ठेवल्या. चार. पोरीनं त्याच हसत हसत सगळ्यांना वाढल्या, तेच लागलं.

मग मीही हट्टाला पेटले. नवं पिल्लू आणलं, काळंकुट्ट, तव्याच्या बुडासारखं. म्हटलं, आता बसवा याला फुलात. तर काल फेलेती कुंपणाशी थांबला. बराच वेळ बघत राहिला. मग डोळे मिटून म्हणतो, "रोसिना, काय भरून आलाय गं ढग..."

गेला म्हणायचा हा ढगही. नारळ खोवतेय, दुसरं काय.