डावी टाच

बीडच्या हकीमाच्या ओट्यावर धर्मराज पैलवान डोक्यावरून घोंगडी ओढून, डावा पाय लांब करून बसला होता. पुढ्यात येऊन बसलेल्या दोघांचे आवाज ऐकले आणि त्यानं घोंगडी आणखी पुढं ओढली. एक आश्रुबा, उद्या कपिलधारच्या जत्रेत त्याच्याशी भिडणारा. दुसरा आश्रुबाचा वस्ताद.

"वस्ताद, धर्मराज लई बैठका मारतो म्हणं."

"मारू दे. म्या बघून आलोय. उठताना डावा गुडघा आत वळतो, टाच उचलती. टाच सुटल्यावर जोर कुठून येणार?"

"पयल्यापासून?"

"न्हाई बे, हल्लीच. गुडघा दुखत आसंल."

"मंग?"

"हितं हकीमाकडनं एकदा खात्री झाली की त्याच पायावर सगळा भार टाकायचा. जल्मात बैठक मारायचा न्हाई."

"पाप लागंल, वस्ताद."

"आखाड्यात कसलं पाप बे?"

आतून हकीमसाहेबांनी हाक दिली, "धर्मराज!"

दोघांच्या माना गर्रकन वळल्या.

धर्मराजनं घोंगडी बाजूला टाकली. पाय जवळ घेऊन तो बैठकीत आला आणि भिंतीला हात न लावता, डावी टाच भुईला रोवून सावकाश उठला.

"क्या तकलीफ है, पैलवान?"

"दाढ दुखतीया, हकीमसाब."